आठशे मिलिग्रॅमची चोरी

१

व्हायोलिनमास्तरांनी चहाचा कप उचलला आणि त्यातला अर्धा चहा आमच्या काउंटरवर सांडला. मी फडकं घ्यायला वळले. मास्तरांच्या हाताला कंप आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण आमच्या कॅप्सूल सुरू झाल्यापासून तो इतका आटोक्यात होता की मास्तर पुन्हा शिकवण्या घेऊ लागले होते.

"नवी बाटली उघडल्यापासून हे असं चाललंय, वहिनी," मास्तर ओशाळून म्हणाले. "मुलांसमोर व्हायोलिनचा गज धरायची लाज वाटते. डॉक्टरांनी ती बाटली तपासायला पाठवलीय. तुम्हाला सांगावं की नाही, कळेना."

"अहो, सांगायचंच! आमच्यापासून कसली लपवाछपवी?" मी म्हणाले आणि आत गेले.

आमचं दुकान म्हणजे नुसती औषधाची पाकिटं विकणारं दुकान नव्हे. बाजारातली गोळी ज्यांना चालत नाही, म्हणजे कुणाला माप कमी हवं, कुणाला त्यातला रंग सोसत नाही, अशांसाठी आम्ही मागच्या खोलीत औषध तोलून, खलून, कॅप्सूलमध्ये भरून देतो. आम्ही म्हणजे आमचे हे, आमच्या ताई, आणि फार्मसी शिकून आलेली माझी नवी सून. मी काउंटर सांभाळते. मला तोलामापातलं काही कळत नाही, माणसं मात्र कळतात, असं माझं मत आहे. ह्यांचं मत वेगळं आहे, पण त्यांना विचारतंय कोण!

आत गेले तर ह्यांच्या खांद्यात फोन दाबलेला. उजव्या हाताने कागदावर काहीतरी टिपून घेत होते आणि त्याच वेळी डाव्या हाताने एका बरणीचं घट्ट झाकण पिळून उघडत होते. दोन कामं एकदम केल्याशिवाय आमच्या ह्यांना चैन पडत नाही. फोन ठेवला तेव्हा मात्र झाकण तसंच हातात राहिलं.

"डॉक्टर होते," हे म्हणाले. "प्रयोगशाळेचा निकाल आला. मास्तरांच्या कॅप्सूलमध्ये औषध तीनातले दोनच हिस्से आहे."

"आणि?"

"आणि शिवणवाल्या आजींची बाटलीही पाठवली होती. तीही आपण त्याच दिवशी केलेली. ती अगदी चोख निघाली."

मग हे तरातरा बाहेर आले. काउंटरपाशी चार-पाच गिऱ्हाइकं होती, मास्तर होते, ताई एका बाईंना मलम कसं लावायचं ते समजावत होत्या. हे सगळं ह्यांना दिसलंच नाही.

"ताई," हे कडाडले, "दोन्ही औषधं मी तोलून दिली. मास्तरांचं दोन ग्रॅम चारशे मिलिग्रॅम. सूनबाई समोर उभी होती, तिने पाहिलंय. माझ्या हातातून ते तुमच्या हातात आलं. मग कॅप्सूलमध्ये जाईपर्यंत तिसरा हिस्सा गेला कुठे? सोन्याच्या भावाचं औषध आहे ते. चोरी करायची तर माझ्याच दुकानात?"

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. माझा मुलगा पाळण्यात होता तेव्हापासून ही बाई आमच्याकडे आहे. तिने अ‍ॅप्रनच्या गाठी सोडल्या. अ‍ॅप्रन काढताना खिशातून काहीतरी खाली पडलं.

कागदाची पुडी होती. ती फुटली आणि फरशीवर पांढरी पूड सांडली.

२

"हे काय आहे?" ह्यांचा आवाज आता थंड झाला होता. तो थंड झाला की मला जास्त भीती वाटते.

"खायचा सोडा आहे, मालक. मला पित्त होतं."

"आम्हाला काय, तुम्ही म्हणाल ते खरं!"

पण माझी सून हुशार. ती आतून व्हिनेगरची बाटली घेऊन आली, चिमूटभर पूड बशीत घेतली आणि वर दोन थेंब टाकले. पूड फसफसून वर आली.

"सोडाच आहे, बाबा," ती म्हणाली.

"एक पुडी सोड्याची निघाली म्हणून दुसरी नव्हतीच असं कुठे आहे?" हे म्हणाले.

आता बोला! ताई रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रडल्या नाहीत. अ‍ॅप्रनची नीट घडी करून त्यांनी काउंटरवर ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "मालक, तुम्ही मला चोर म्हणालात. चार लोकांसमोर म्हणालात." मग पायऱ्या उतरून गेल्या. मास्तर त्यांच्यामागे दोन पावलं गेले आणि काय करावं न सुचून तिथेच उभे राहिले.

मी ह्यांना आत ओढलं आणि माझ्या तोंडाचा पट्टा सोडला. "अहो, काही जनाची नाही तर मनाची? त्या बाईने कधी आपल्या दुकानातली खोकल्याची गोळी फुकट घेतली नाही, आणि ती चोर?"

"मग औषध गेलं कुठे? तू सांग. मी तोललं, सूनबाईने पाहिलं, ताजवा खरा आहे. आजींचं बरोबर आलं म्हणजे माझा हात चुकलेला नाही. उरलं कोण?" हे म्हणाले. "उद्या सकाळी फार्मसी कौन्सिलला कळवणार. तसा नियमच आहे."

कौन्सिलला कळवणं म्हणजे ताईंची नोंदणी गोठणार. एकदा असा डाग लागला की दुसरं कुठलंही दुकान तिला खलाला हात लावू देणार नाही. आणि तिला या कामाखेरीज दुसरं काही येत नाही, दुसरं काही करावंसं वाटतही नाही. औषध खलताना ही बाई गुणगुणते, मी कितीदा ऐकलंय. ते सगळं उद्या सकाळी संपणार होतं.

मला एकच माणूस आठवलं, आणि ते माझं नावडतं माणूस होतं. आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. सगळी नोकरी वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून झाली. निवृत्त झाल्या, तरी बाजारात त्या दिसल्या की भाजीवाले अजून पारडी पुसून घेतात. त्यांना माझा चहा पाणचट लागतो, मला त्यांचे टोमणे कडू लागतात. पण वेळ आली की मान-अपमान बाजूला ठेवावा लागतो. मी फोन केला.

दुपारी वन्सं आल्या, खांद्यावर जुनी चामडी पिशवी. सगळं ऐकून घेतलं आणि ह्यांच्याकडे वळल्या. घरात ह्यांना 'बाळ्या' म्हणणारं एवढंच माणूस उरलंय.

"बाळ्या, चोरी झाली हे तुला कुणी सांगितलं?"

"प्रयोगशाळेने."

"प्रयोगशाळेने सांगितलं की औषध कमी आहे. चोरी हा शब्द तुझा आहे." वन्संनी पिशवी उघडली. "उद्या सकाळपर्यंत कुणालाही काही कळवायचं नाही. आता मला तुझा ताजवा दाखव. आणि ती औषधाची बरणी."

३

आमची मागची खोली म्हणजे नुसता बोळ. मधोमध टेबल, त्याच्या अलीकडे एक माणूस उभा राहतो, पलीकडे खिडकीपाशी दुसरा. तिसरा आला की दोघांपैकी एकाने श्वास रोखून धरायचा. टेबलावर काचेच्या पेटीत सासऱ्यांच्या वेळचा दोन पारड्यांचा ताजवा होता.

"हा अडगळीतून कधी बाहेर काढला?" वन्संनी विचारलं.

"आपला विजेचा काटा वर्षाच्या तपासणीला गेलाय," सून म्हणाली. "त्याच्याबरोबर छोट्या वजनांची डबीही गेली, आत्या. मिलिग्रॅमवाली. सगळं एकदमच तपासून येईल म्हणून."

"मग मधल्या काळात?"

"मधल्या काळात काय दुकान बंद ठेवायचं?" हे फुशारकीने म्हणाले. "मी वडिलांच्या हाताखाली याच ताजव्यावर शिकलोय. ग्रॅमची पितळी वजनं आहेतच. वरचे मिलिग्रॅम दांडीवरून घ्यायचे."

ते मलाही माहीत होतं. ताजव्याच्या दांडीवर एक चिमुकलं सरकतं वजन आहे आणि शेजारी आकडे कोरलेत. ते चारशेच्या खुणेवर सरकवलं की उजव्या पारड्यावर चारशे मिलिग्रॅमचा भार पडतो. छोट्या वजनांची उणीव त्याने भागते.

वन्संनी पिशवीतून स्वतःची वजनं काढली. ती त्या नातवंडांपेक्षा जास्त जपतात. बोट लावत नाहीत, चिमट्याने उचलतात. त्यांनी ताजवा सपाट बसलाय का ते पाहिलं. दोन्ही पारडी रिकामी ठेवून काटा पाहिला. मग स्वतःचं चारशे मिलिग्रॅमचं वजन डाव्या पारड्यात ठेवलं आणि सरकतं वजन चारशेवर नेलं. काटा डोलत डोलत बरोबर मधोमध थांबला.

"ताजवा निर्दोष आहे," त्या म्हणाल्या.

"मी काय म्हणत होतो!" हे म्हणाले आणि माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच आरोपी.

"बरणी."

बरणी पाच ग्रॅमची, त्याच दिवशी फोडलेली. मास्तरांखेरीज त्या औषधाचं दुसरं गिऱ्हाईक नाही, त्यामुळे नंतर कुणी तिला हात लावला नव्हता. दोन ग्रॅम चारशे काढले तर दोन ग्रॅम सहाशे उरायला हवेत, एवढा हिशेब मलाही येतो. वन्संनी उरलेली पूड कागदावर काढून तोलली. एकदा तोलली, चष्मा पुसला, पुन्हा तोलली.

"तीन ग्रॅम चारशे," त्या म्हणाल्या. "आठशे मिलिग्रॅम जास्त. आणि मास्तरांच्या बाटलीत नेमके आठशेच कमी. बाळ्या, औषध कुणीही चोरलेलं नाही. ते इथेच आहे."

मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण आमचे हे कसले हटतात!

"परत आणून टाकलं असेल," ते म्हणाले. "डॉक्टरांनी बाटली तपासायला पाठवलीय हे तिला कळलं असेल. घाबरली आणि गुपचूप बरणीत टाकलं."

वन्संनी बरणीवर बोट ठेवलं. "बरणी कुलपात असते ना? किल्ली कुणाकडे?"

मग खिडकीपाशी उभी असलेली माझी सून हळूच म्हणाली, "माझ्याकडे."

४

सुनेची चौकशी वन्संनी दुकानामागच्या आमच्या स्वयंपाकघरात केली, आणि मी तिथून हलणार नाही हे आधीच सांगून टाकलं.

"किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात असते, आत्या. आंघोळीलासुद्धा काढत नाही. ताईंनी मागितली नाही, मी दिली नाही." पोरीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "माझ्याच साक्षीमुळे ताई अडकल्या. पण मी खोटं कसं बोलू? मी स्वतः पाहिलं. उजव्या पारड्यात दोन ग्रॅमची वजनं होती, डाव्यात औषध. काटा मधोमध. बाबांनी 'चारशे' म्हणून सरकतं वजनही मोठ्याने वाचलं. कॉलेजात शिकवतात तसंच सगळं अगदी बरोबर होतं."

"तू कुठे उभी होतीस?"

"खिडकीपाशी. दुसरीकडे जागाच नाही."

"हं," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या 'हं'चा अर्थ लावायचा नाद मी केव्हाच सोडलाय.

मग वन्सं आणि मी ताईंच्या घरी गेलो. ताई गॅलरीत कुंड्यांमधली माती उकरत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, वन्संना पाहून पुन्हा बसल्या.

"झडती घ्यायची असेल तर घ्या," त्या म्हणाल्या.

"झडती चोराची घेतात," वन्सं म्हणाल्या. "मला फक्त सांगा, त्या दिवशी काम करताना काही वेगळं वाटलं का?"

ताईंनी हात झटकले. "वाटलं होतं. मालक कागदावर औषध तोलून देतात, मी त्यात दुधाची साखर घालून कॅप्सूल भरण्याइतकी पूड करते. त्या दिवशी साखर नेहमीपेक्षा जास्त लागली. औषध जरा कमी दिसतंय, असं मनात आलं."

"मग विचारलंत का नाही?"

"कुणाला? मालकांना?" ताई हसल्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "मालकांनी तोललेलं बरोबर आहे का, असं आजवर कुणी विचारलंय? वहिनी, तुम्ही तरी विचारलं असतंत?"

आमच्या घरात मिठापासून पावसापर्यंत सगळ्याचा अंदाज ह्यांचाच बरोबर असतो आणि आम्ही बाकीचे माना डोलावतो.

"आजींचं औषधही तुम्हीच खललं ना? त्यात काही वेगळं?"

"नाही. ते तीन ग्रॅमचं. नेहमीसारखंच होतं."

वन्सं कुंडीतल्या रोपाचं पान चाचपत होत्या, तो हात थांबला. "तीन ग्रॅम? पूर्ण? वर मिलिग्रॅम काही नाही?"

"काही नाही."

"तीन पूर्ण, ते बरोबर आलं. दोन वर चारशे, ते आठशेने कमी." त्या स्वतःशीच बोलत होत्या. "आठशे म्हणजे चारशेची दुप्पट. बरोबर दुप्पट." आणि मग आमच्या वन्सं हसायला लागल्या. लग्न होऊन मी या घरात आल्यापासून त्या अशा खदाखदा हसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

"वहिनी, ऊठ," त्या म्हणाल्या. "घरी चल. मला आपल्या बाळ्याला काहीतरी तोलताना बघायचंय."

५

"मला तोलायला शिकवणार तू?" हे उखडले.

"शिकवत नाही रे. बघणार आहे. साखर तोल. दोन ग्रॅम चारशे, अगदी त्या दिवशीसारखी. सूनबाई, तू तुझ्या खिडकीपाशी."

मी दारात उभी राहिले. ह्यांनी मोठ्या मिजाशीत बाह्या सरसावल्या, चिमटा उचलला आणि पितळी वजनं पारड्यात ठेवली. दांडीवरचं वजन सरकवलं, "चारशे!" म्हणून मोठ्याने वाचलं. मग दुसऱ्या पारड्यातल्या कागदावर चमच्याने साखर टाकत गेले. हात काय सफाईदार! काटा मधोमध स्थिरावला.

"झालं. दोन ग्रॅम चारशे," हे म्हणाले.

"सूनबाई, वजनं कुठल्या पारड्यात आहेत?"

"उजव्या, आत्या."

"आता जरा इकडे ये. बाळ्याच्या शेजारी उभी राहा."

मी अंग चोरलं, सून टेबलाला वळसा घालून आली. तिने ताजव्याकडे पाहिलं आणि एकदम हात तोंडावर नेला. "अगंबाई! वजनं डावीकडे आहेत!"

"तू समोरून बघत होतीस. त्याचं डावं ते तुझं उजवं," वन्सं म्हणाल्या. "तू खोटं बोलली नाहीस, पोरी. तुला दिसलं ते तू सांगितलंस."

"पण डावीकडे असली म्हणून काय बिघडलं?" हे म्हणाले. "दोन पारड्यांचा ताजवा आहे. मी जन्मभर असंच तोलत आलोय. वजन इकडे काय, तिकडे काय!"

"पितळी वजनांना फरक पडत नाही. मिलिग्रॅमच्या वजनांनाही नाही, तीही तू पितळी वजनांशेजारीच ठेवायचास. आजवर तुझं कधी चुकलं नाही ते त्यामुळेच. पण दांडीवरचं हे सरकतं वजन कुठल्या पारड्यावर भार टाकतं?"

"उजव्या," हे म्हणाले. आणि तिथेच थांबले.

"आणि उजव्या पारड्यात तू काय ठेवलंयस?"

उजव्या पारड्यात साखर होती. मला सगळं समजायला दोन क्षण जास्त लागले, म्हणून तुम्हालाही सोपं करून सांगते. चारशेचा भार जायला हवा होता वजनांच्या बाजूला. तो पडला औषधाच्या बाजूला. म्हणजे दोन ग्रॅममध्ये चारशे मिळवायचे, ते वजा झाले. औषध भरलं दोन ग्रॅमला चारशे कमी, म्हणजे एक ग्रॅम सहाशे. हवं होतं त्यापेक्षा बरोबर आठशे कमी. आजींचं औषध पूर्ण तीन ग्रॅमचं, त्यात सरकत्या वजनाला हात लावावाच लागला नाही, म्हणून ते चोख आलं.

वन्संनी ती साखर उचलून, वजनं उजवीकडे ठेवून पुन्हा तोलली. एक ग्रॅम सहाशे. त्यांनी आकडा मोठ्याने वाचलासुद्धा नाही, नुसतं ह्यांना पाहू दिलं.

"पण बाबा उजव्याच हाताने लिहितात," सून म्हणाली.

"लिहायला शाळेने उजव्या हाताची सवय लावली त्याला, छडी मारून," वन्सं म्हणाल्या. "बाकी सगळं हा डाव्याने करतो. झाकणं उघडतो, चेंडू फेकतो, आणि वजनं चिमट्याने उचलतो तेही डाव्याने. डाव्या हातात वजन असलं की ते डाव्याच पारड्यात जाणार. बाबा याला हजारदा सांगायचे, वजन उजवीकडे ठेव म्हणून. पण चुकतच नव्हतं, तर हा ऐकतोय कशाला! बाळ्या, या ताजव्यावर त्या दिवसानंतर तू आणखी काही तोललंस? वर मिलिग्रॅम असलेलं?"

"नाही," हे पुटपुटले. "बाकीचं सगळं ताईंनी आणि सूनबाईने."

"मग निदान दुसरं कुणी भरडलं गेलं नाही."

हे स्टुलावर बसले. मला राग यायला हवा होता. आलाही होता. पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

"मी तिला चोर म्हणालो," हे म्हणाले.

६

ह्यांनी आधी डॉक्टरांना फोन केला. "तोलणं माझं होतं, चूक माझी आहे, ताईंचा काही संबंध नाही," असं स्वच्छ सांगितलं. मग चपला घातल्या. मी न विचारताच बरोबर निघाले.

ताईंनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. ह्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं, ताजवा, सरकतं वजन, डावा हात, सगळं. शेवटी म्हणाले, "ताई, चुकलो. उद्यापासून या."

ताईंनी ऐकून घेतलं. "म्हणजे मी चोर नाही?"

"नाही हो. छे!"

"हे तुम्ही मला जिन्यात सांगताय, मालक. मी चोर नाही हे मला ठाऊकच होतं." त्यांचा आवाज चढला नाही. "म्हणालात कुठे होतात?"

आणि दार लागलं.

घरी मी हे सांगितलं तेव्हा वन्सं माझा पाणचट चहा घेत म्हणाल्या, "बाई बरोबर बोलली." त्यावर मी त्यांना दुसरा कप दिला, बिस्किटासकट.

सकाळी आमच्या दुकानात सगळ्यात जास्त गर्दी असते. काउंटरपाशी रांग, बाकावर म्हातारी माणसं, दारात सायकली. मी पैसे घेत होते, एवढ्यात रांगेच्या शेवटी ताई दिसल्या. हातात साधी पिशवी, एखाद्या गिऱ्हाइकासारख्या मुकाट उभ्या. मास्तरही आले होते, दोन्ही हात खिशात घालून. सून आतून डोकावली. वन्सं कोपऱ्यात बसून वर्तमानपत्र वाचण्याचं सोंग करत होत्या.

ह्यांनी ताईंना पाहिलं. मग काउंटरच्या आडून बाहेर आले. माझा नवरा काउंटरच्या त्या बाजूला कधी उभा राहिलेला मी पाहिलेला नव्हता.

"एक मिनिट सगळ्यांनी ऐका," हे म्हणाले. "काल मी आमच्या ताईंना इथे चोर म्हणालो. चोरी झालीच नव्हती. औषध मी तोललं होतं, मी चुकीचं तोललं. मास्तर, तुमचे हात थरथरले ते माझ्यामुळे. ताईंनी काहीही केलेलं नाही. मी त्यांची माफी मागतो."

मास्तरांनी खिशातला हात काढून डोळे पुसले. बाकावर टोकाला बसलेल्या शिवणवाल्या आजींनी कानाला हात लावून शेजारणीला विचारलं, "काय म्हणाला गं तो?"

ताई रांगेतून तशाच ह्यांच्याकडे पाहत होत्या. "मालक," त्या म्हणाल्या, "मागे ऐकू गेलं नाही."

मला वाटलं, संपलं आता. हा माणूस एवढं वाकला हेच नवल, आणखी वाकवलात तर मोडेल. मी डोळे मिटून घेतले.

आणि हे पुन्हा बोलले. पहिल्यापासून, एकही शब्द न गाळता, रस्त्यावरचे सायकलवाले वळून पाहतील इतक्या मोठ्याने.

खरं सांगते, आमचं लग्न ठरलं तेव्हाही हा माणूस मला इतका आवडला नव्हता.

ताई रांग सोडून पुढे आल्या. काउंटरची फळी उचलून आत शिरल्या, पिशवीतून इस्त्री केलेला स्वच्छ अ‍ॅप्रन काढला आणि गाठ मारायला माझ्याकडे पाठ केली. माझ्या हातांना गाठ मारणं जमेना, कारण मी रडत होते.

"मास्तर," ताई वळून म्हणाल्या, "तासाभराने या. बाटली तयार ठेवते."